धाग्यांना कुलूप: इंटरप्रिटर आठ, फाइल एक, लॉक कुठे ठेवू?

हिंजवडीचा_हमाल
मंगळवार, रात्री ११.४०

जाणकारांनी प्रकाश टाकावा. दोन दिवस डोकं धरून बसलोय.

काम साधं आहे. मालवाहू गाड्यांच्या जीपीएस पेट्यांत दिवसभर जमलेल्या फाइली रात्री येतात. प्रत्येक फाइल फोडायची, त्यातल्या फेऱ्या वेगळ्या काढायच्या आणि सगळ्या गाड्यांचा मिळून एकच अहवाल लिहायचा. आधी फेरीचा मथळा, त्याखाली त्या फेरीच्या ओळी, मग पुढची फेरी. हे सगळं पायथनच्या थ्रेडपूल एक्झिक्युटरवर, म्हणजे अनेक थ्रेडना (समांतर धाग्यांना) काम वाटणाऱ्या सोयीवर चालायचं. मॉड्यूलच्या अगदी वर एक थ्रेडिंग.लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) करून ठेवलेलं. लॉक घ्यायचं, मथळा आणि ओळी लिहायच्या, लॉक सोडायचं. वर्षभर कुरकुर नाही.

मग पायथन ३.१४ आलं आणि त्यात इंटरप्रिटरपूल एक्झिक्युटर आला. प्रत्येक वर्करला स्वतःचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा), स्वतःचा जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप). आठ कोअर आहेत ते आठही कामाला लागणार. मी कोडमधला एकच शब्द बदलला, थ्रेडपूलच्या जागी इंटरप्रिटरपूल. काम भराभर उरकलं, मी खूश होऊन घरी गेलो.

परवा ग्राहकाचा फोन. दिवसभर चाकणला उभ्या असलेल्या गाडीच्या मथळ्याखाली कात्रज घाट चढणाऱ्या गाडीच्या ओळी! ड्रायव्हरला विनाकारण बोलणी बसली म्हणे.

एरर एकही नाही. लॉक जिथे होतं तिथेच आहे. शेवटी लॉक वर्करला पॅरामीटर म्हणून पाठवून बघितलं, तर टाइपएरर: लॉक पिकल करता (पाठवण्यासाठी बाइट्सच्या रूपात मांडता) येत नाही. आता काय करू? (फोनवरून टंकतोय, कोड डकवत नाही.)

भेंडीची_भाजी
मंगळवार, रात्री ११.५२

शीर्षक वाचून शिवणकामाचा धागा समजून उघडला. दोऱ्याला कुलूप म्हणजे पिकोचा नवीन प्रकार असेल असं वाटलं. चालू द्या.

शून्यापासून
बुधवार, रात्री १२.१५

एरर येणारच नाही, कारण पायथनच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. उपइंटरप्रिटरात तुमचं मॉड्यूल नव्याने इम्पोर्ट होतं. लॉक तयार करणारी ती ओळ प्रत्येक वर्करमध्ये एकदा चालली. तुमच्याकडे लॉक एक नाही, आठ आहेत. प्रत्येक वर्कर आपापलं लॉक घेतो, ते कायम मोकळंच असतं, आणि आठही जण एकाच वेळी फाइलीत घुसतात.

खडूस_पेठकर
बुधवार, सकाळी ७.०५

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आणि मोरी एक. तुम्ही काय केलंत, तर प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या घराला आतून कडी घातली आणि समजूत करून घेतली की मोरी अडवली.

बाकी जे वर्षभर चाललं होतं त्याला हात लावायची खाज कशाला?

हिंजवडीचा_हमाल
बुधवार, सकाळी ८.३०

काका, मोरीचा दृष्टान्त मनात कायमचा बसला. बसमध्ये एकटाच हसतोय.

पण @शून्यापासून, हे तर सगळे एकाच प्रोसेसमध्ये आहेत ना? मेमरी एकच. मग एक लॉक दोघांना दाखवायला नेमकी अडचण काय?

शून्यापासून
बुधवार, सकाळी १०.२०

मेमरी एक आहे, पण ती कोणी कशी हाताळायची याचे नियम वेगळे आहेत. जरा पाल्हाळ लावतो.

पायथनमधल्या प्रत्येक वस्तूला एक संदर्भमोजणीचा आकडा चिकटलेला असतो. किती जण ही वस्तू धरून आहेत ते त्यावरून कळतं, शून्य झाला की वस्तू मोडीत. नेहमीच्या बिल्डमध्ये हा आकडा साध्या बेरीज-वजाबाकीने बदलतो. ते सुरक्षित असतं, कारण जीआयएलमुळे एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवत असतो. एरिक स्नो यांच्या पेप ६८४ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मुळे ३.१२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, प्रत्येक इंटरप्रिटरला स्वतःचा जीआयएल ठेवता येतो. आता तीच लॉकची वस्तू दोन इंटरप्रिटरांनी धरली, तर दोन वेगवेगळे जीआयएल घेतलेले दोन थ्रेड एकाच क्षणी तो आकडा बदलतील. एखादी वाढ हरवेल. कोणीतरी वस्तू वापरत असताना दुसरा ती मोडून टाकेल. मग सेगफॉल्ट (प्रोग्रॅम जागीच कोसळणं), तोही अमावस्या-पौर्णिमेलाच.

म्हणजे गंमत बघा, ज्या वस्तूने गोंधळ आवरायचा तिचाच गोंधळ आवरायला कोणी नाही.

त्यामुळे नियम असा की पायथनची वस्तू सीमा ओलांडत नाही. पूर्णांक, स्ट्रिंग, बाइट्स वगैरेंची पलीकडे प्रत तयार होते. बाकीच्या वस्तू पिकल करून पाठवायचा प्रयत्न होतो. लॉकची प्रत काढण्याला काही अर्थच नाही, म्हणून तुमचा टाइपएरर. तो आला हे बरं झालं. मॉड्यूलच्या डोक्यावरचं लॉक मात्र गुपचूप आठपट होतं, खरा घात तिथे आहे.

चौथी_मिती
बुधवार, सकाळी १०.५५

एवढ्या भानगडी कशाला? फ्री-थ्रेडेड पायथन घ्या. जीआयएलच नाही, सगळं एकाच घरात, जुनं लॉक जसंच्या तसं चालेल.

शून्यापासून
बुधवार, सकाळी ११.१०

चालेल, खरंच चालेल. ३.१३ मध्ये ते प्रायोगिक होतं, ३.१४ मध्ये अधिकृत पाठिंबा मिळाला. पण अजून ते वेगळं बिल्ड आहे, नेहमीचं नव्हे. एकट्या थ्रेडचं काम साधारण ५ ते १० टक्के हळू होतं. आणि ‘सगळं एकाच घरात’ ही तुम्हाला सोय वाटते, मला धास्ती वाटते. थ्रेडच्या कोडमध्ये आजवर जीआयएलच्या कृपेने झाकून राहिलेल्या चुका तिथे उघड्या पडतील.

हिंजवडीचा_हमाल
बुधवार, दुपारी १.२०

सर्व्हरवरचं पायथन बदलायला आमच्याकडे तीन जणांच्या सह्या लागतात. ३.१४ लाच सहा आठवडे गेले. पुढचा उपाय सांगा.

शून्यापासून
बुधवार, दुपारी १.४५

पेप ७३४ मध्येच लिहिलंय: इंटरप्रिटरांना थ्रेडिंगचं लॉक वाटून घेता येत नाही, त्यासाठी वेगळं साधनही दिलेलं नाही, क्यू (रांग) वापरा. कॉन्करंट.इंटरप्रिटर्स मॉड्यूलमधला क्यू दोन्हीकडे जातो. तो घ्यायचा, त्यात सुरुवातीला एकच वस्तू टाकायची, काहीही, समजा १ हा आकडा. ज्याला फाइलीत लिहायचंय त्याने आधी तो १ बाहेर काढायचा. काम झालं की परत टाकायचा. मधल्या काळात दुसरा आला तर क्यू रिकामा, बस थांबून. हा १ म्हणजे टोकन.

आणि क्यू सीमा कसा ओलांडतो? तोही ओलांडत नाही! प्रत्येक इंटरप्रिटरमध्ये क्यूची स्वतंत्र वस्तू तयार होते, तिच्या पोटात फक्त एक क्रमांक असतो. खरा क्यू खाली सीच्या थरात, सगळ्यांच्या बाहेर.

निवृत्त_स्टेशनमास्तर
बुधवार, दुपारी ३.३०

मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. मुलगा या क्षेत्रात आहे म्हणून वाचत होतो. पण हे आम्ही नोकरीभर केलंय.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. दोन्ही स्टेशनांवर एकेक टोकन यंत्र असतं, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. पुढच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघत नाही. गोळा चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. पिशवीला मोठी कडी असते, चालत्या इंजिनातून हात घालून उचलता यावी म्हणून. पुढच्या स्टेशनवर तो गोळा तिथल्या यंत्रात पडला की मार्ग मोकळा.

तुमच्या या साहेबांनी प्रत्येक स्टेशनला यंत्र दिलं, पण तार जोडायची राहिली.

पर्लकाका
बुधवार, दुपारी ३.५०

मास्तर, दंडवत. तार जोडायची राहिली, बास. धागा इथे बंद करा.

पण तरुण मंडळींना हे कालपरवाचं वाटतंय म्हणून चार ओळी. आम्ही चिप डिझाइनवाले, आमचं आयुष्य टीसीएल या भाषेत गेलं. तिथे थ्रेडचं एक्स्टेन्शन घेतलं की प्रत्येक थ्रेडला स्वतःचा इंटरप्रिटर, व्हेरिएबल कुणाचं कुणाला दिसत नाही. आणि म्युटेक्स, म्हणजे तिथलं लॉक? तो तयार केला की हातात एक नाव मिळतं, साधी स्ट्रिंग. ती पाठवा कुणालाही. ज्याच्याकडे नाव आहे तो लॉक करू शकतो. वस्तू वाटायची भानगडच नाही.

पर्लमध्ये ५.८ पासून, म्हणजे २००२ पासून, नवीन थ्रेड केला की सगळ्या डेटाची प्रत निघते. ज्या व्हेरिएबलला ‘शेअर्ड’ असा शिक्का मारलाय तेवढंच सामाईक. लॉक त्या व्हेरिएबलवरच लावायचं, अनलॉक नावाची गोष्टच नाही, ब्लॉक संपला की सुटलं. प्रती काढण्यात मेमरीचं दिवाळं निघायचं ते वेगळं.

अर्धा_चहा
बुधवार, सायंकाळी ४.४०

मी जावास्क्रिप्टवाली. आमच्याकडे वर्करना शेअर्डअॅरेबफर पाठवता येतो, ती खरोखर सामाईक मेमरी असते. त्यातल्या एका पूर्णांकावर ॲटॉमिक्सच्या वेट आणि नोटिफायने लॉक बांधतात. फक्त ब्राउझरच्या मुख्य थ्रेडवर वेट चालत नाही, पान गोठेल म्हणून. आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या प्रकरणानंतर जानेवारी २०१८ मध्ये ब्राउझरांनी हा बफर काढूनच घेतला होता, नंतर खास हेडर पाठवणाऱ्या साइटींना परत दिला. वेब लॉक्स नावाची एपीआय पण आहे, तिथे लॉक नावाने मागतात. काकांच्या टीसीएलसारखंच झालं की हे.

पायथनमध्येही मेमरीव्ह्यू (प्रत न काढता बाइट्स दाखवणारी खिडकी) सामाईक जातो ना? त्यातल्या एका बाइटवर असं लॉक नाही का बांधता येणार?

शून्यापासून
बुधवार, सायंकाळी ५.०५

मेमरीव्ह्यू जातो, आणि त्यामागची बाइट्स दोघांची एकच असतात, हे बरोबर. पण ‘शून्य असेल तरच एक कर’ हे एका झटक्यात करायची सोय पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही. आधी वाचायचं, मग लिहायचं, आणि या दोहोंच्या फटीत दुसरा घुसतो. उलट मेमरीव्ह्यू वाटलात म्हणून तर बाहेरून लॉक लागतं.

हिंजवडीचा_हमाल
बुधवार, रात्री ९.१५

क्यूमधलं टोकन बसवलं. चाकण चाकणला, कात्रज कात्रजला. सगळ्यांना एकेक मस्तानी.

पण एक खटकतंय. वर्कर फाइलीत क्षणभरच असतो, तरी सगळं रेंगाळल्यासारखं वाटतं. सीपीयू मोकळा दिसतो आणि काम पुढे सरकत नाही.

शून्यापासून
बुधवार, रात्री १०.३०

सोर्स उघडून बघितला. ३.१४ मध्ये या क्यूचा गेट रिकामा क्यू बघून खऱ्या अर्थाने झोपत नाही. तो बघतो, काही नसेल तर १० मिलिसेकंद डुलकी काढतो, पुन्हा बघतो. टोकन परत आल्या आल्या कुणी त्याला उठवत नाही. तुमचं लिखाण एका मिलिसेकंदात उरकत असेल तर उरलेला वेळ सगळे डुलक्याच काढतायत. शिवाय नंबर लावलेला नसतो. ज्याची डुलकी आधी मोडली त्याचं टोकन, आधी आलेला ताटकळत राहू शकतो.

आणि टोकन परत टाकणं फायनलीमध्ये (काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात) घाला. मध्येच एक्सेप्शन उडालं तर टोकन त्याच्याच खिशात राहील.

खडूस_पेठकर
बुधवार, रात्री १०.४५

मोरीची किल्ली खिशात घालून एक गृहस्थ कचेरीत गेले होते. १९७९. वाडा अजून विसरलेला नाही.

पर्लकाका
गुरुवार, सकाळी ६.२०

डुलक्या नको असतील तर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) रखवालदार करा. पहाटे सुचलं, म्हणजे सुचलं कसलं, प्रोग्रॅम बांधणारं जीएनयू मेक वर्षानुवर्षं हेच करतंय.

ओएस मॉड्यूलमधून एक पाइप उघडा. दोन पूर्णांक मिळतील, एक वाचायच्या टोकाचा, एक लिहायच्या. हे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचे किंवा पाइपचे क्रमांक) अख्ख्या प्रोसेसचे असतात, इंटरप्रिटरचे नव्हेत. त्यामुळे ते आकडे सगळ्या वर्करना जसेच्या तसे चालतात. आणि पूर्णांक तर बिनबोभाट सीमा ओलांडतो. सुरुवातीला पाइपमध्ये एक बाइट लिहा. लॉक घ्यायचं म्हणजे एक बाइट वाचायचा. पाइप रिकामा असेल तर ओएस.रीड कर्नलमध्ये झोपतो, झोपताना जीआयएल सोडतो, आणि बाइट आला की कर्नल त्याला उठवतो. लॉक सोडायचं म्हणजे बाइट परत लिहायचा. एकाऐवजी चार बाइट टाकलेत तर एका वेळी चौघांना आत सोडणारा सेमाफोर झाला. मेकला उणे-जे देऊन समांतर कामं लावता तेव्हा उपमेकमध्ये जागा वाटून घेण्यासाठी अशाच पाइपमधून टोकनं फिरतात.

लिनक्सपुरतंच चालणार असेल तर पायथन ३.१० पासून ओएस.इव्हेंटएफडी आहे, सेमाफोरचा झेंडा लावून तेच काम करतो.

चौथी_मिती
गुरुवार, सकाळी ९.३०

पाइपबिइप राहू द्या. फाइलच आहे ना? एफसीएनटीएल मॉड्यूलमधलं लॉकएफ लावा त्या फाइलीवर. ऑपरेटिंग सिस्टिमचं लॉक, विषय संपला.

पर्लकाका
गुरुवार, सकाळी ९.३८

अजिबात नको! विषय संपणार नाही, चिघळेल.

लॉकएफ पोझिक्सचं (युनिक्स प्रणालींच्या मानकातलं) रेकॉर्ड लॉक लावतो. त्याची मालकी प्रोसेसची. तुमचे आठही इंटरप्रिटर एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या लेखी मागणारा एकच माणूस. तो आठ वेळा मागेल, आठही वेळा मिळेल. पुन्हा मंगळवारच्या जागी. वर आणखी एक काटा: त्या प्रोसेसमध्ये कुठल्याही कोपऱ्यात कुणी तीच फाइल उघडून बंद केली, तर प्रोसेसची त्या फाइलीवरची सगळी रेकॉर्ड लॉक सुटतात.

त्याच मॉड्यूलमधलं फ्लॉक वेगळं. त्याची मालकी उघडलेल्या फाइलीची. प्रत्येक वर्करने फाइल स्वतः उघडली असेल तर एकाच प्रोसेसमध्येही ते एकमेकांना अडवतात. नावं एवढी सारखी आणि वागणं असं. ज्याने ही नावं ठेवली त्याला मोरीबाहेर उभं करा.

चौथी_मिती
गुरुवार, सकाळी १०.०२

मान्य. करून बघितलं, आठही आत गेले. शब्द मागे घेतो.

ओंकारेश्वराचा_पूल
गुरुवार, सकाळी ११.२५

सगळं वाचलं. पण मला कळत नाही, आठ जणांना एका फाइलीत लिहायचंच कशाला? प्रत्येक वर्करने आपली तात्पुरती फाइल लिहावी, शेवटी मुख्य इंटरप्रिटरने एकामागे एक जोडाव्यात. किंवा मजकूर लहान असेल तर स्ट्रिंग परत पाठवावी, मुख्य जण लिहील. लॉकच नको. मोरी एकच आहे म्हणून भांडताय, बिऱ्हाडागणिक एकेक बांधायला जागा असताना.

हिंजवडीचा_हमाल
गुरुवार, दुपारी २.१०

@ओंकारेश्वराचा_पूल, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. फेऱ्यांचा मजकूर मोठा आहे म्हणून तात्पुरत्या फाइलींचा मार्ग घेतला. अहवालापुरता लॉकचा प्रश्न मिटला.

पण मिटला म्हणेपर्यंत दुसरीकडे उघडा पडला. अक्षांश-रेखांशावरून रस्ता ओळखायला एक जुनी सी लायब्ररी सीटाइप्समधून (पायथनमधून सी कोड वापरायच्या सोयीतून) बोलावतो. तिच्या आत ग्लोबल बफर आहे, एका वेळी एकच कॉल चालतो. मला वाटत होतं इंटरप्रिटर वेगळे म्हणजे लायब्ररीही आठ.

शून्यापासून
गुरुवार, दुपारी २.४०

नाही. वेगळी असते ती पायथनची बाजू: मॉड्यूल, वस्तू, जीआयएल. प्रोसेसचं जे आहे ते सगळ्यांचं एकच. सी लायब्ररीचे ग्लोबल, चालू डिरेक्टरी, उघडे डिस्क्रिप्टर, लोकेल. एका वर्करने चालू डिरेक्टरी बदलली तर आठही जणांच्या पायाखालची बदलते. इथे मात्र लॉक लागणारच, आणि तेही सगळ्यांच्या बाहेर ठेवलेलं. काकांचा पाइप घ्या.

(एकच बफर म्हणून खरंतर मल्टिप्रोसेसिंग घेतलं असतंत तर प्रत्येक प्रोसेसला लायब्ररीची स्वतःची प्रत मिळाली असती. पण सहा आठवडे आणि तीन सह्या आठवल्या, म्हणून कंसात.)

हिंजवडीचा_हमाल
गुरुवार, रात्री ८.५०

पाइप बसवला. पूलच्या इनिशियलायझरमधून दोन आकडे पाठवले, वाचणं आणि लिहिणं एका छोट्या क्लासमध्ये गुंडाळलं, म्हणजे विथ लावून वापरता येतं आणि बाइट परत जायचा राहत नाही. प्रत्येक इंटरप्रिटरमध्ये या क्लासची वेगळी वस्तू, आत तेच दोन आकडे. मास्तरांची तार जोडली.

बफरमध्ये एकाचं दुसऱ्यात गेलेलं अजून सापडलं नाही. डुलक्याही गेल्या. ग्राहकाला नवीन अहवाल पाठवला, त्या ड्रायव्हरचा उल्लेख वेगळा करून.

निवृत्त_स्टेशनमास्तर
गुरुवार, रात्री ९.१०

तो ड्रायव्हरचा उल्लेख केलात ते बरं केलंत.

भेंडीची_भाजी
गुरुवार, रात्री ९.३०

शिवणकामाचं काहीही निघालं नाही तरी शेवटपर्यंत वाचला. मोरीची किल्ली नेलेल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

खडूस_पेठकर
गुरुवार, रात्री ९.४१

आमचेच वडील होते ते.

हिंजवडीचा_हमाल
शुक्रवार, सकाळी ८.२५

टीममधली एक जण विंडोजवर काम करते. पाइप तिच्याकडे चालला. पण लॉकला पाच सेकंदांची मुदत घालायला मी सिलेक्ट (काही वाचायला आलंय का याची ठरावीक वेळ वाट बघणारा कॉल) लावलं होतं, आणि विंडोजवर सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालतो, पाइपवर नाही. पाइपऐवजी सॉकेटची जोडी घेऊन बघतो. संध्याकाळी कळवतो, बस आली.